देवाच्या नावचा कोंबडा

निजामपुरा, भिवंडी
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय नेत्रा,

बोर्डिंगातल्या शनिवारच्या दुपारी आठवतात का? न्हाणं झालं की सिस्टर एक फणी आणि एक जुना पेपर हातात द्यायच्या, आणि आपण मागच्या पायरीवर उन्हात बसायचो. आधी तू माझ्या डोक्यातल्या उवा काढायचीस, मग मी तुझ्या. तू मोजायचीस आणि माझ्या नेहमी दोन-चार जास्त सांगायचीस. परवा एसटीत एक बाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तेच करत होती. खिडकीबाहेर शेलार मागे पडलं, तुझ्या माहेरची वडाची झाडं मागे पडली, आणि मी मात्र त्या बाईच्या बोटांकडेच बघत राहिले.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच झालं. नाहीतर माझं हे सगळं मी कुणाला लिहिलं असतं?

अंबाडीच्या बालवाडीत अजून जाते. फ्रान्सिस गेल्यावर विधवा म्हणून घरात बसवेना, तेव्हा तरुणपणी धरलेली नोकरी, आता सुटत नाही. जाताना दीड तास, येताना ट्रकांची रांग लागली तर अडीच. खड्डे इतके की घरी आल्यावरही अंग हलत असल्यासारखं वाटतं. पण खरं सांगू, मला वाटतं माझी खरी नोकरी ती बसच आहे. मी कधी ठरवून कुणाला प्रभूबद्दल सांगितलं नाही. पत्रकं वाटणं मला जमायचं नाही. पण शेजारी कुणी बसतं, गळ्यातला क्रूस बघतं, विचारतं. शिफ्ट संपवून आलेला एखादा लूमवाला म्हणतो, "माताजी, ये ईसा मसीह का है ना?" मग मी सांगते. तो ऐकतो, त्याचा स्टॉप येतो, तो उतरतो. चाळीस वर्षं हेच. कोण पुढे काय करतं, मला कधी कळलेलं नाही.

पण एकीचं कळलं. ऑगस्टात बसमध्ये एका अकरा वर्षांच्या मुलीला फेफरं आलं. कातकऱ्यांची पोर, तानी नाव. सीटवरून खालीच पडली. लोक ओरडायला लागले, "चप्पल हुंगवा, कांदा द्या कुणीतरी!" मी चपला बाजूला सारल्या, पोरीला कुशीवर वळवलं आणि तिचं डोकं धरून बसले. आणि मोठ्याने म्हणाले, "प्रभू येशू, या लेकराला सांभाळ." दोन मिनिटांत ती निवळली. फेफरं तसंही निवळतंच. पण तिची आजी ठकुबाई समोर उभी होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं नाही, ओठांकडे पाहिलं.

"कोनाला हाक मारलीस बाय?"

"येशूला."

"आयकतो?"

"ऐकतो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन वर्षं एकही दिवस चुकवायचा नाही म्हणून बजावलं. दर महिन्याचं पाकीट मी इथून आणते आणि अंबाडीच्या स्टॉपवर ठकुबाईच्या हातात देते. तेव्हापासून तानीला एकदाही फेफरं आलेलं नाही.

आणि काल रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून येते तर दारात ठकुबाई! बगलेत तांबडा, तुर्रेबाज कोंबडा. पाड्यावरून एवढ्या लांब, दोन गाड्या बदलून आली होती. म्हणे, तुझ्या देवाला बोलले होते, नात बरी झाली तर कोंबडा देईन. मी म्हटलं, "ठकुबाई, आमचा देव कोंबडा घेत नाही."

"मंग काय घेतं?"

"काही नाही. तो फुकट देतो. फक्त विश्वास ठेवायचा."

"काय बी न्हाय?" तिने दोनदा विचारलं. मग कोंबडा सावरून जिना उतरून गेली. चहासुद्धा घेतला नाही. शेजारची नजमाभाभी दारातून म्हणाली, "टीचर, मेहमान मुर्गा लेके आया और आपने लौटा दिया? मेरे को दे देते!" हसू आलं. पण तुला सांगते, इतक्या वर्षांत इतकं नेमकं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं. काल रात्री शांत झोप लागली.

तुझी
रीमा

*

चिपळूण
२ डिसेंबर २०२३

रीमे,

तुझ्या डोक्यात उवा जास्तच होत्या. मी खोटं मोजत नव्हते.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसता आलं नाही. तू चांगलं बोललीस गं, पण ते कुणाशी बोललीस? शाळेत कॅटेकिझमच्या धर्मपरीक्षेत पहिला नंबर आणणाऱ्या रीमाशी बोललीस. ठकुबाईशी नाही.

आमच्या शेलारच्या घरी भाताच्या झोडणीला कातकरणी यायच्या. त्यातली एक दरवर्षी आपल्या वेलाची पहिली काकडी आईला आणून द्यायची. एका वर्षी आई आजारी होती. काकू पुढे झाली आणि म्हणाली, "राहू दे गं, तुम्हालाच होईल." चांगल्या मनानेच म्हणाली. ती बाई पुन्हा आमच्या खळ्यावर आली नाही. बाबा तिच्या घरी गेले, कारण विचारलं. ती म्हणाली, "तुमी आमचं घेत न्हाय, मंग तुमचं आमी कसं घ्यावं?"

तुझ्या लेखी देवाने फुकट दिलं. तिच्या लेखी देवाने तिचं तोंड बघायला नकार दिला. आपण नवस बोलावा आणि देवाने दारातूनच परत पाठवावं, याहून मोठा धसका काय असतो, ते मला विचार. मी दर वर्षी ओटी भरते. एखाद्या वर्षी पुजाऱ्याने ती परत दिली तर मी वर्षभर झोपणार नाही.

मला एवढंच सांग: ती पोर गोळ्या घेते आहे ना?

नेत्रा

*

निजामपुरा
९ डिसेंबर २०२३

प्रिय नेत्रा,

तुझं पत्र थोडं लागलं. मी काही तिला झिडकारलं नाही. फादरांशीही बोलले. ते म्हणाले, बलिदान एकदाच झालं, ते पुन्हा होत नाही, हे तिला प्रेमाने समजावा. मी प्रेमानेच सांगितलं होतं.

गोळ्यांचं म्हणशील तर डिसेंबरचं पाकीट कपाटात आहे. चार दिवस स्टॉपवर उतरून वाट पाहिली, ठकुबाई आली नाही. भाताच्या कामात असेल. शिवाय अंबाडीलाही दवाखाना आहे, तिथून घेतल्या असतील. मुलगी बरी आहे म्हणूनच फिरकत नसतील, असं मी धरून चालते. दुखतं तेव्हाच लोकांना आपली आठवण येते.

मी दमले आहे गं. बालवाडीत नाताळाच्या गोठ्याला गवत आणायचं आहे, चांदणी लावायची आहे, आणि जिना चढताना मध्ये दोनदा थांबावं लागतं. थंडीचं होत असेल.

तू उगाच काळजी करू नकोस.

रीमा

*

निजामपुरा
१४ जानेवारी २०२४

नेत्रा,

तुझं खरं होतं.

शुक्रवारी ठकुबाई दिसली. आमची बस अंबाडीला शिरत होती आणि ती रस्त्याच्या कडेने तानीला घेऊन चालली होती. तानीचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. मी खिडकीतून हाक मारली. तिने पाहिलं, आणि मान खाली घालून पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. माझ्यापासून! मी धावत उतरले तोवर दोघी टमटममध्ये बसून गेल्या होत्या.

आमच्या बालवाडीत भात शिजवायला येणारी तुळशीरामची बायको त्याच पाड्याची आहे. तिने सांगितलं. नाताळाच्या आठवड्यात तानी भाकरी थापत होती, तिथेच फेफरं आलं, हात चुलीत गेला. तोंड वाचलं. त्याआधीही दोनदा आलं होतं म्हणे. गोळ्या नोव्हेंबरपासून बंद आहेत.

"बंद का केल्या?"

"तुमच्या देवानं कोंबडा घेतला न्हाय ना," ती अगदी सहज म्हणाली. जणू हे सगळ्या पाड्याला माहीत होतं आणि मलाच नव्हतं.

चाळीस वर्षं मी बसमध्ये बोलत आले. लोक ऐकून उतरून गेले. माझं बोलणं खरं मानून माझ्या दारापर्यंत आली ती एकटी ठकुबाई. तिला मी जिन्यावरून परत पाठवलं, आणि त्या रात्री शांत झोपले, हेही तुला लिहून कळवलं. ते पत्र फाडून टाक.

मी आता काय करू? दवाखान्यातल्या बाईंना पाड्यावर पाठवू? फादरांना नेऊ?

रीमा

*

चिपळूण
२१ जानेवारी २०२४

रीमा,

पत्र फाडणार नाही. तुझी पत्रं मी फाडत नसते.

कुणाला पाठवू नकोस. दवाखान्याची बाई गेली तर ते हो-हो म्हणतील आणि गोळ्या छपरात खोचून ठेवतील. फादर गेले तर पाड्यावर वेगळीच बोलणी सुरू होतील. दिवस कसे आहेत तुला ठाऊक आहे. तू जा. एकटी जा, दिवसाढवळ्या जा, सगळ्यांसमोर जा.

खाऊ नेऊ नकोस, कपडे नेऊ नकोस. देणारी होऊन गेलीस तर सगळं फसलं. त्यांच्या दारात बस आणि तो कोंबडा माग.

तुझ्या धर्मात ते बसत नसेल, मला कळतं. पण तुला कोणी बळी द्यायला सांगत नाही. माणसाने देवासाठी आणलेलं अन्न आहे, ते घे, आणि त्यांच्या पंक्तीला बसून खा. तुमच्या मिस्सेत तरी याहून निराळं काय करतात? चुकलं असेल तर सिस्टरना सांगू नकोस.

आणि हे तुझं अक्षर असं काय उतरतंय? ओळी खाली घसरताहेत. थंडीचं अक्षर असं नसतं.

नेत्रा

*

निजामपुरा
६ फेब्रुवारी २०२४

प्रिय नेत्रा,

जाऊन आले.

शनिवारी बालवाडी लवकर सुटली. टमटम पाड्याच्या खालपर्यंतच जाते. वरचा चढ मी पाच ठिकाणी बसून चढले. ठकुबाईच्या अंगणात पोचले तेव्हा धाप आवरेना. दारात तिचा मुलगा अनंता होता, तानीचा बाप. काल्हेरच्या गोडाऊनला माल चढवतो, सुट्टीला आला होता. त्याने मला बसायला सांगितलं नाही.

"माझ्या आयशीला दारातनं परत लावलीत ती तुमीच ना?"

"मीच."

"आता काय धरम बदलायला आल्यात?"

मागे चार-पाच माणसं जमली होती. मी ओट्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "नाही. कोंबडा खायला आले."

एक म्हातारा खो-खो हसला. "आरं, दोन महिन्यांनी भूक लागली बायला!" अनंता हसला नाही, पण बाजूला झाला.

ठकुबाई आतून आली. नुसतं छपराकडे बोट दाखवलं. तो तांबडा कोंबडा कौलांवर बसला होता, चांगला माजलेला.

"कापला न्हाय, इकला न्हाय," ती म्हणाली. "बोललेला हाय. तुज्या देवाचा. घरात पावना आला तरी त्याला हात न्हाय लावला. आमाला खाता येत न्हाय, तुज्या देवाला नको. आमी काय करावं?"

"ठकुबाई, देवाने नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं. माझी चूक झाली."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "कोंबडा देवाचा. तू कोन न्हाय म्हननारी?"

नेत्रा, चर्चची इतकी रिट्रीट-शिबिरं झाली, इतकी प्रवचनं ऐकली, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "कुणी नाही." आणि मला रडू आलं. मग तिनेच पाणी आणून दिलं.

कापायला मागे नेला तेव्हा मी पुढेच थांबले, तेवढं माझ्याच्याने झालं नसतं. तानी माझ्याजवळ येऊन बसली. हाताची पट्टी गेलीय, पण कातडी ओढलेली आहे, बोटं नीट मिटत नाहीत. मला म्हणाली, "दुखत न्हाय. खाजतं." तिला मी येशूची एक गोष्ट सांगितली. त्याने एका आजारी मुलीला हात धरून उठवलं आणि घरच्यांना पहिल्यांदा काय सांगितलं, तर हिला काहीतरी खायला द्या. "काय दिलं?" तानीने विचारलं. मी म्हटलं, ते कुणी सांगितलेलं नाही. तर ती म्हणाली, "भाकर दिली आसंल."

पानं मांडली. कुणी हात लावेना. ठकुबाई म्हणाली, "पैलं त्याला सांग." तेव्हा मी सगळ्यांसमोर, उघड्या डोळ्यांनी म्हटलं, "प्रभू, ठकुबाईने आणलेलं तुला पोचलं. उशीर माझ्यामुळे झाला. हे अन्न आणि हे घर आशीर्वादित कर." मग तिने काळीज काढून माझ्या पानात वाढलं. मी खाल्लं. ती माझा घास खाली उतरेपर्यंत बघत होती. त्यानंतर सगळे जेवले. अनंतानेच दोनदा घेतलं.

जेवण झाल्यावर ठकुबाईने देवांच्या टोपलीतून पत्र्याचा डबा काढला. त्यात नोव्हेंबरचं अर्धं पाकीट. तिच्या हिशेबाने त्या गोळ्या येशूच्या होत्या. ज्याचा मान पोचला नाही त्याची वस्तू खायची कशी? फेकली नाही, सांभाळून वर ठेवली होती. आपल्या देवांच्या शेजारी.

मी तिला सांगितलं की देव रागावत नाही, पण गोळी चुकली तर फेफरं येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तिला पटली नाही. दुसरी पटली. सोमवारी दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला बोलले, तिला नाही, आणि ते योग्यच होतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बोटांसाठी व्यायाम दिलाय.

आता दुसरं. त्याच दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि मलाही थांबवून सगळ्या तपासण्या केल्या. हृदयाची झडप निकामी झाली आहे. पुढच्या महिन्यात मुंबईला ऑपरेशन, त्यासाठी महिनाअखेरीस वसईला भावाकडे जाऊन राहीन. मला सप्टेंबरपासून अंदाज होता. तुला थंडी लिहिली.

रीमा

*

चिपळूण
१३ फेब्रुवारी २०२४

रीमे,

तुला काय बोलावं? सप्टेंबरपासून! आणि हृदय असं असताना तो चढ चढलीस, आणि मीच तुला चढवलं.

शिव्या भेटल्यावर देईन. तुझ्या भावाकडे वसईला मी एक तारखेला येते आहे. नाही म्हणू नकोस, हल्लीच तू त्यात एकदा सापडली आहेस.

तुझ्यामागे तिथलं काय करायचं ते नीट लिही. शेलारला दर्शन आहे, माझा भाचा. त्याच्या बायकोचं नाव पूर्वी, ती रोज अंबाडीला अंगणवाडीत जाते. तिला मी सांगते. पण कुणाला काय द्यायचं ते सगळं कागदावर लिही. मला ऐकू येत नाही, आणि तुला दम लागतो.

नेत्रा

*

निजामपुरा
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय नेत्रा,

ये. मी नाही म्हणत नाही.

डॉक्टर म्हणतात बहुतेक सगळं ठीक होईल. 'बहुतेक' या शब्दावर मी फार विचार करत नाही. कंटाळा आलाय विचारांचाही. दुपारी नजमाभाभी पेज आणून देते, समोर बसून संपवायला लावते. लूमचा खडखडाट आता मला ऐकूसुद्धा येत नाही. परवा वीज गेली तेव्हा सगळं थांबलं आणि मी दचकून जागी झाले.

तू सांगितलंस तसं लिहिते.

तानीचा केसपेपर आणि मार्चचं पाकीट पूर्वीकडे. महिन्याच्या पाच तारखेला तिने अंबाडीच्या स्टॉपवर, दुपारच्या बसला, ठकुबाईच्या हातात द्यावं. अनंताकडे देऊ नये, तो मनाने चांगला आहे पण काल्हेरला घेऊन जाईल आणि खिशातच राहील. पुढची पाकिटं दवाखान्यातून पूर्वीनेच आणावीत, खिडकीवर तिचं नाव सांगून ठेवलंय. दोन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, तेव्हा तानीला शाळा बुडवावी लागेल. तिच्या बाईंसाठी चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली आहे.

पूर्वीला सांग, ठकुबाई विचारेल, "ही कोनाची गोळी?" तेव्हा दवाखान्याची म्हणावं, आणि रीमाने पाठवली म्हणावं. येशूची म्हटलं तरी खोटं नाही. पण येशूच्या रागाची भीती घालू नये. तशी कुणी घालू लागलं, माझ्या चर्चचं किंवा पाड्यावरचं, तर मला कळवावं.

बालवाडीतल्या पाट्या, खडू आणि रंगीत मणी बालवाडीतच राहू देत. माझी जाड शाल तुळशीरामच्या बायकोला. घराची किल्ली आणि खिडकीतली कोरफड नजमाभाभीला. तिला दोन्ही आधीच दिल्यासारखी आहेत. प्रार्थनेचं इंग्रजी पुस्तक माझ्या भाचीला, मेघालीला. ती वाचणार नाही, तरी द्यावं. तुझी सगळी पत्रं बांधून ठेवली आहेत, ती तू आल्यावर तूच घे.

जपमाळ माझ्याबरोबर मुंबईला जाईल. काही झालं तर ती माझ्या हातात राहू दे. ठकुबाईला देण्याचं मनात येऊन गेलं, पण नको. तिला पुन्हा काहीतरी फेडावंसं वाटेल. तिला माझी काळी छत्री दे. बसला उशीर होतो आणि त्या स्टॉपवर सावली नाही. आठवण म्हणून देऊ नकोस. ऊन आहे म्हणून दे.

आणि पूर्वीला हे दोनदा सांग. पाकीट घेताना ठकुबाई काही देऊ लागेल. वालाच्या शेंगा, कंद, अंडी, कोंबडीसुद्धा. पूर्वी शिकलेली आहे, लाजेल, राहू दे म्हणेल. म्हणू नये. पिशवी घेऊनच जावं. जे देईल ते घ्यावं, घरी न्यावं, शिजवावं, आणि पुढच्या पाच तारखेला कसं लागलं ते तिला सांगावं.

तुझी
रीमा